तुझा माइक मी बंद केला, मथुरे

मथुरे, तुझा माइक मी बंद केला होता. चांदीपमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं, म्हणून पहिलं तेच लिहिते. गावाच्या मंडळाचा अंक निघतोय. त्यात तुझ्यावर मी लिहावं असं तुझी सून वनिता म्हणाली. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला कशाला सांगतेस. ती म्हणाली, "काकी, बोलता तसंच लिवा." तर बोलते तसंच लिहिते. तू किती चांगली होतीस ते बाकीचे लिहितील. त्यांचं तुझ्याशी काही भांडण राहिलेलं नाही.

वाचणाऱ्या नव्या पोरींसाठी आधी एक सांगून टाकते. डीजे यायच्या आधी आपल्याकडे मांडव, तेल, हळद, काहीही धवल्याशिवाय होत नसे. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, आणि ते गाणाऱ्या आपण धवलारणी. ते एकटीनं गायचं नसतं. एक विचारते, दुसरी उत्तर देते. तू विचारायचीस, "हालद कांडिली कोनाच्या गो दारी?" आणि मी सांगायची, "मावलीच्या दारी गो, मावलीच्या दारी." आपण दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गावात आलो आणि तुझ्या चुलतसासूच्या मागे बसून हे शिकलो. वाटणी तिनंच केली. "मथुरा इचारील, चांगुना सांगल." असं का, ते मी कधी विचारलं नाही. माझा आवाज गोड होता, म्हणून सांगणारीचा मान मोठा, असं मी धरून चालले. जन्मभर तसंच धरून चालले.

मग डीजे आला. त्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे आपलं गाणं म्हणजे भातगिरणी चालू असताना कोणाच्या कानात बोलावं तसं झालं. मी म्हटलं, सोड मथुरे, आपले दिवस संपले. तू सोडलं नाहीस. मुलानं तुला विचारलं, "आये, साठी झाली तुजी, काय आनू तुला? लुगडं?" तू म्हणालीस, "माइक आन. बिनवायरचा. दोन." गाव हसलं. सगळ्यात जास्त मी हसले.

तो काळा डबा आला. मागे दोन शिंगं, पुढे दोन गोल बटणं, एकावर ए, एकावर बी. ए माझा माइक, बी तुझा. वनिताला पुढ्यात बसवून, तिच्याकडून माहितीचा कागद वाचून घेऊन तू ओट्यावर ते सगळं घोटून घेतलंस. डबा जमिनीवर ठेवायचा नाही, उंचावर ठेवायचा, कारण मध्ये माणसं आली की आवाज अडतो. पेट्यांच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, माइक शिट्ट्या मारतो. प्रत्येक लग्नाला सेल नवे घालायचे, जुने घरच्या घड्याळाला. माइकचं बूड मुठीत दाबायचं नाही, तिथूनच तो डब्याशी बोलतो. आणि मी तो वरून जाळीपाशी घट्ट आवळला की तू ओरडायचीस, "चांगुने, गला नको धरू त्याचा. माइक हाय तो, नवरा नाय."

डीजेवाल्याचाही बिनवायरचा माइक असायचा. तुझा आणि त्याचा एकाच नंबरावर आला की पेटीतून नुसती खरखर. म्हणून मांडवात गेल्यागेल्या तू आधी त्याच्याकडे जायचीस.

"बाबा, तुजा माइक कितव्या नंबरावर?"

"आजी, तुम्ही बसा ना आरामात. मी लावतो तुमचं."

"तू तुजं ढिनच्याक लाव. माजं मी लावते. नंबर सांग."

तो सांगायचा. तू डब्याचा आणि दोन्ही माइकचा नंबर बदलून यायचीस, एकदा "हालो" म्हणायचीस, माझ्याकडे बघून मान हलवायचीस, आणि मग आपण बसायचो. मी त्यातलं काही शिकले नाही. तू आहेस ना, मग मला काय करायचंय. मला कळलं ते फक्त गोल बटण. उजवीकडे फिरवलं की आवाज वाढतो, डावीकडे फिरवलं की जातो. पुढे जे केलं त्याला तेवढंच पुरलं.

तुझा कान गेला तेव्हा मला आधी कळलं, तुला नंतर. डावा गेला, मग उजवाही अर्धा गेला. कानाबरोबर सूर गेला. आवाज तर त्याच्या आधीच फाटला होता. पूर्वी तू विचारलंस की बायका बोलायच्या थांबत. आता थांबत त्या, पण एकमेकींकडे बघायला. तुला तुझं गाणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तू माइकवरच्या हिरव्या दिव्याकडे बघून गायचीस. दिवा लागलाय म्हणजे आपला आवाज चाललाय, असा तुझा भरवसा. पण तो दिवा नुसता माइकचा. डब्यावरचं बटण कोणी उतरवलं तरी माइकवर दिवा हिरवाच राहतो. हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस.

माझ्या नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं, ते चंदनसारला. मुलाकडचे फ्लॅटमध्ये राहणारे, सगळे नोकरीवाले. प्रणालीची सासू फोनवर मला म्हणाली, "आजी, तुमचे ते धवले हवेतच हं. आमच्याकडचे सगळे रेकॉर्ड करणार आहेत." तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मी मात्र वेगळंच ऐकलं. सगळे रेकॉर्ड करणार म्हणजे तुलाही करणार.

हळद दुपारी हॉलमध्येच होती. तू आपला डबा टेबलावर खुर्ची चढवून तिच्यावर ठेवलास, हॉलच्या माणसाकडून वायर जोडून घेतलीस आणि "हालो, हालो" केलंस. तेवढ्यानंच पेटीतून काहीतरी फाटल्यासारखं झालं. मुलाकडच्या दोन पोरींनी एकमेकींकडे बघितलं आणि ओढणी तोंडाला लावली. तू हात धुवायला गेलीस. मी उठले, डब्याकडे गेले आणि बी चं बटण डावीकडे फिरवलं. अगदी शेवटपर्यंत. मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक गेला, असंही मी म्हणणार नाही. मी चारी बाजूंना बघून फिरवलं.

मला वाटलं होतं, जवळच्या बायकांना तुझं विचारणं तसंच ऐकू जाईल आणि पेटीतून नुसता माझा आवाज जाईल. कोणाला कळणार नाही. सोपं वाटलं होतं. तू बसलीस, हिरवा दिवा बघितलास आणि विचारलंस. हॉलला काहीच ऐकू आलं नाही. मग पेटीतून माझा आवाज आला, "मावलीच्या दारी गो, मावलीच्या दारी." मग पुन्हा गप्प. मग, "भयनीनं आनिलं गो तल्याचं पानी." मग गप्प. एवढे मोबाइल धरून लोक उभे, आणि त्यांना नुसती उत्तरं ऐकू येतायत. प्रणालीची सासू वाकून माझ्या कानाशी आली. "आजी, छान चाललंय. पण मध्ये मध्ये थांबता का हो? आठवत नाही का?"

मी ठरवलं, दोन्ही आपणच गावं. तोंड उघडलं. आणि मथुरे, माझ्याकडे ओळच नव्हती. एवढी वर्षं तुझ्या मांडीला मांडी लावून बसले. तू विचारत असताना मी आत माझं उत्तर जुळवत असायची, घसा साफ करत असायची, समोर कोण कोण बसलंय ते बघत असायची. तुझी एक ओळ मी माझ्याजवळ ठेवली नव्हती. माझ्या तोंडाला माइक, समोर फोन धरलेले हात, आणि मी उघड्या तोंडानं गप्प.

हॉलचा माणूस डब्याशी गेला. "अरे, हे बी कोणी झिरोवर केलंय?" तुला ते ऐकू गेलं नाही. पण त्याचं बोट कुठं गेलं ते तू बघितलंस. मग तू डब्याकडे बघत राहिली नाहीस. माझ्याकडे बघितलंस. त्यानं बटण वर केलं आणि तुझा आवाज अर्ध्या ओळीत हॉलभर फुटला. एका पोरानं कान झाकले. मागून कोणीतरी हसलं.

तू ओळ तिथंच सोडलीस. तुझा माइक तूच बंद केलास, चटईवर आडवा ठेवलास आणि माझ्याजवळ सरकलीस. मला वाटलं, आता इथंच तोंडावर बोलशील. तू माझ्या कानाला तोंड लावलंस आणि पुढचा प्रश्न सांगितलास. मी तो मोठ्यानं गायले आणि उत्तरही मीच दिलं. मग पुढचा. शेवटपर्यंत असंच. तू कानात विचारलंस आणि मी पेटीतून दोन्ही बाजू गायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रणालीची सासू माझ्या पाया पडली. म्हणाली, "काय पाठ आहे हो आजी तुमचं!" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाही म्हटलं नाही. तू बाजूला बसून टाळ्या वाजवत होतीस.

येताना गाडीत मागच्या सीटवर आपण दोघीच होतो. तू डबा मांडीवर घेतलास. मग म्हणालीस, "सांगायचं व्हतंस गो. मीच ठेवला असता खाली."

मी म्हटलं, "तुझीच लाज राखली मी. त्या पोरी हसत होत्या तुला."

"दिसत व्हत्या मला. कान गेलाय माजा, डोले नाय गेले."

"मग?"

"मग काय? लग्नाला आल्यात, हसतीलच. मयताला आल्या व्हत्या काय?"

"मथुरे, तुला कळत नाही तू हल्ली कशी गातेस ते."

"कलतं. म्हनून तर तुला बरोबर घेते."

आणि तू तोंड खिडकीकडे केलंस; माझे ओठ दिसले नाहीत की तुला माझं बोलणं कळत नसे. तुझं बोलणं संपलं. मी मात्र घरापर्यंत बडबडत राहिले, तुझ्यासाठी केलं, तुझ्या भल्यासाठी केलं. तुला ऐकू येत नव्हतं हे ठाऊक असून तुझ्या ऐकू न येणाऱ्या कानाशी बोलत राहिले. ते सगळं खोटं होतं. तुझ्या लाजेचा प्रश्न नव्हता, तुला लाज वाटतच नव्हती. मला वाटत होती. त्या फ्लॅटच्या लोकांपुढे, तुझ्याजवळ बसलेली दिसायची. एवढं एक वाक्य होतं. ते तुला सांगायचं होतं आणि मी ते तुला सांगितलं नाही.

तू भांडायला आली असतीस तर बरं झालं असतं. तू आली नाहीस, आणि मीही आले नाही. वाटेत भेटलीस की "पेज झाली काय?" एवढं विचारायचीस. मी "झाली" म्हणायची. तिथंही तूच विचारायचीस.

मग तू विरारच्या हॉस्पिटलात गेलीस. वनिता मला घेऊन गेली. तुझ्या तोंडावर तो हवेचा मास्क. वनिता बाहेर औषधं आणायला गेली. खोलीत आपण दोघी, आणि तू बोलू शकत नाहीस. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, "चिंचा काढल्या. यंदा बारीक आहेत." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "कोकमंही उतरली नाहीत म्हणावी तशी." तुझ्या मास्कमध्ये वाफ आली. हसलीस की उसासा टाकलास, मला कळलं नाही. मी तुझ्या पायावरची चादर नीट केली आणि उठले. दोन दिवसांनी वनिताच्या घरातून रडणं ऐकू आलं.

तुझ्या दहाव्याला तळ्यावर गाव जमलं. चार माणसं बोलली. मग कोणीतरी म्हणालं, चांगुणाकाकी बोलतील, त्यांची जोडी होती. तुझाच डबा वनितानं आणला होता. झाडाच्या पारावर, उंचावर ठेवला होता, तू सांगायचीस तसा. तिनं माझ्या हातात माइक दिला. मी सांगितलं, आम्ही सख्ख्या बहिणींसारख्या होतो. मथुरेनं आणि मी कधी एका शब्दानं भांडण केलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. वनिता डब्याशेजारी उभी होती, बटणावर तिचा हात होता. तिलाही सगळं माहीत होतं. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं. घरी येऊन मी जेवले नाही. दुःखानं नाही, ते मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. स्वतःचा राग आला होता.

मग वैशाखातलं लग्न आलं, आपल्या आळीतलंच. नवरीची आई दोनदा येऊन गेली. मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा वनिता आली.

"आई गेल्यात म्हनून नको म्हनता काय? वर्षाच्या आत आमच्या घरात काय करनार नाय आमी. पन धवला आमच्या घरचा हाय काय? गावाचा हाय."

"त्यासाठी नाही गो."

"मग?"

"मला येत नाही."

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी म्हटलं, "मला नुसती उत्तरं येतात. विचारायचं सगळं तिच्याकडे होतं."

वनिता ओट्यावर बसली. बराच वेळ तिनं बांगड्या वरखाली केल्या. "मला बी सगलं नाय येत," ती म्हणाली. "भाकऱ्या भाजताना जेवडं आयकलं तेवडंच." मला वाटलं होतं, ही मला बोल लावेल. तिनं विचारलं, "उद्या दुपारी बसू काय?"

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही तुझ्या ओट्यावर बसतो. मी उत्तर सांगते आणि ती मागे मागे जाऊन तुझा प्रश्न शोधते. "तल्याचं पानी बहिणीनं आणलं" असेल तर आधी "कोनी आनिलं" असणार, एवढं सोपं ते पटकन सापडतं. काही ठिकाणी ती चूक विचारते आणि माझं उत्तर त्याला बसत नाही, मग दोघी हसतो. काही ठिकाणी भाकरी थापत बसल्यासारखे हात हलवते, म्हणते हात हलला की ओळ येते. तिचा आवाज जाडा आहे. मी तिला अजून काही बोललेले नाही. बोलणारही नाही.

एक उत्तर मात्र अडलं. "चुलीमागं गो, राखेच्या खाली." हे मी प्रत्येक लग्नात गायलेय, नवरीला हळद लागून झाल्यावर. पण याच्या आधी तू काय विचारायचीस? वनिता म्हणाली, "माज्या लग्नात आईंनी विचारलं व्हतं, वनिताचा राग कुठं गो ठेविला?" मी म्हटलं, नाही, प्रणालीच्या वेळी माझ्या कानात तू दुसरंच सांगितलंस, मीच तर गायले ते. "प्रनालीचं हासू कुठं गो ठेविलं?" आणि ती पोर, सकाळपासून तोंड फुगवून बसलेली, हळदीच्या पिवळ्या तोंडानं खुदकन हसली होती.

तेव्हा कळलं. तिथं ठरलेली ओळच नव्हती. तू प्रत्येक नवरीकडे बघून ती नवी करायचीस. रुसलेलीला तिचं हसू विचारायचीस, तापट असेल तिला राग. उत्तर तेच, कोणत्याही पोरीला चालणारं, म्हणून ते माझ्याकडे दिलं होतं. तुझ्या चुलतसासूनं बरोबर वाटणी केली होती. तू नवरीकडे बघायचीस. मी लोकांकडे बघायची.

वनिता म्हणाली, "मग तिथं तुमी विचारा काकी. नवरीला लहानपनापासून बघताय तुमी." दोन दिवस मी त्या पोरीला दारातून येताजाता बघतेय. उंच आहे, केस लांब आहेत. यापलीकडे मला काही दिसत नाही. वनिताला म्हटलं, तू विचार. ती म्हणाली, मला ती पोर नीट ठाऊकच नाही, मी खोटं कसं विचारू? ती तुझीच सून.

लग्न परवा आहे. प्रणाली तिच्या सासूला घेऊन येणार आहे, त्या बाईला धवले पुन्हा ऐकायचेत. पुढंच बसतील. मथुरे, त्या जागी आम्ही कोणाचीही ओळ घालणार नाही. वनिता गप्प राहील आणि मी तेवढं उत्तर तसंच गाईन. सासूबाई वाकून विचारतील, आजी, विसरलात का? या वेळी मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोकळी होणार नाही. माइक तोंडाशी असतानाच त्यांना सांगेन की विसरले नाही, मी ते कधी शिकलेच नव्हते. त्या दिवशी जे पाठ आहे म्हणून तुम्ही माझ्या पाया पडलात, ते मथुरेचं होतं.